नडगीचा हिशेब

बँकेत रोख सांभाळणाऱ्या माणसाला एक सवय जडते. संध्याकाळी पेटी बंद करण्याआधी रोकड जुळली पाहिजे, मग कितीही उशीर होवो. बावीस वर्षं हेच केलेलं असल्यामुळे पळायला लागले तेव्हाही मी पहिल्या दिवशी वही केली. एका महिन्याला एक पान, डावीकडे वार, उजवीकडे किलोमीटर, आणि दर रविवारी रात्री लाल शाईत आठवड्याची बेरीज. त्या वहीतलं सप्टेंबर 2022 चं पान मी अजून अधूनमधून उघडते. त्यावर चार लाल आकडे आहेत: 26, 34, 41, 29. पुढच्या दोन पानांवर एकही लाल आकडा नाही.

पळणं सुरू झालं त्याच वर्षी जानेवारीत. वय चव्वेचाळीस. रक्तदाब वरच्या रेषेला टेकला होता आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आम्ही थत्तेनगरमध्ये राहतो, तिथून गोल्फ क्लबचं मैदान जवळ. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं खरं नाव, पण रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो क्षणभर थांबतो. पहाटे साडेपाचला तिथे निम्मं नाशिक असतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबा, योगासनांचा वर्ग, आणि नुसतेच गप्पा मारत फिरणारे. भरतीची पोरं शेजारून सूं करून जायची तेव्हा वारा लागायचा. महिनाभर चालल्यावर एक दिवस मीही दोन खांबांच्या अंतराएवढी पळाले. दुसऱ्या दिवशी परत. असं करत मार्चअखेरीच्या गडबडीतही पाच किलोमीटर न थांबता झाले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मैदानावर एक निवृत्त पीटीचे सर यायचे. त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, पळताना मनात नाही, तोंडाने मारुतिस्तोत्र म्हणत जा. मध्येच दम लागून शब्द तुटला तर समजा वेग जास्त झाला." आंजनेरी इथून वीसेक किलोमीटरवर, मारुतीचं जन्मस्थान म्हणून सगळा जिल्हा मानतो, त्यामुळे मला ते फार योग्य वाटलं. पुढे वाचनात आलं की जगभर पळणारे हीच परीक्षा वापरतात. बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं, आणि आठवड्यातलं बहुतेक पळणं त्याच वेगाचं ठेवायचं. सरांचं मी ऐकलं. त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, "दर आठवड्याला थोडंच वाढवा." ते मात्र मी ऐकलं नाही.

कारण ऑगस्टपर्यंत श्वास फार छान झाला होता. आठवड्याला 24-26 किलोमीटर होत होते. गंगापूर रोडने सोमेश्वरला जाऊन परत येताना, नदीला पाणी भरपूर असताना धबधब्याचा आवाज येतो तिथवर, मी शेजारणीशी गप्पा मारत पळत होते. हिवाळ्यात शहरात होणाऱ्या अर्धमॅरेथॉनची नोंदणी केली, 21 किलोमीटर. आणि हिशेब केला: श्वास तर लागतच नाही, मग वाट कशाची बघायची? एका आठवड्यात 34. पुढच्या आठवड्यात 41, त्यातले 17 एकट्या रविवारचे. त्या रविवारी आम्ही पळणाऱ्या सगळ्याजणी मिसळ खायला गेलो आणि मला वाटलं की मी आता थांबणार नाही.

मंगळवारी डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, काहीतरी दुखलं. पळायला लागलं की पहिला किलोमीटर दुखायचं, मग थांबायचं. मी तिळाचं तेल चोळलं, स्प्रे मारला, आणि पळत राहिले. आठवडाअखेरीस पहिला किलोमीटर संपल्यावरही ते दुखणं थांबेना. मग काउंटरवर उभं राहिलं तरी. एका रात्री अंथरुणात बोटाने नडगी चाचपत गेले, आणि एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या, बोट टेकवताच डोळ्यांत पाणी आलं.

अस्थितज्ज्ञांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. ते म्हणाले, सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाहीच. एमआरआयमध्ये दिसलं: हाड तडकलेलं नव्हतं, पण तडकण्याच्या वाटेवर होतं. सहा आठवडे पळणं बंद. मी विचारलं, "पण मला दम अजिबात लागत नव्हता." त्यांनी कागदावर दोन रेषा काढल्या. एक भराभर वर जाणारी, ती हृदय-फुप्फुसं आणि स्नायूंची. दुसरी हळूहळू चढणारी, ती हाडांची आणि स्नायूबंधांची. त्या दोन रेषांमध्ये जी फट पडते त्या फटीत माणसं जखमी होतात, असं ते म्हणाले.

पुढे मी यावर पुष्कळ वाचलं, कारण घरी बसून दुसरं करायला काही नव्हतं. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग त्या जागी नवं, जास्त मजबूत भरतं. घराची ओल आलेली भिंत गवंडी आधी खरवडतो, तसंच. पण खरवडणं लवकर होतं आणि भरणं सावकाश. भार वाढवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच श्वास सांगत असतो की आणखी पळ. मी वही काढली. 26, 34, 41. मंगळवार बरोबर चौथ्या आठवड्यातला होता. रोजच्या रोज रोकड जुळवणारी मी, आणि हाडाचा हिशेब तीन आठवडे उशिरा येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर सरांनी सांगितलं होतं, त्यांच्या शब्दांत.

त्या सहा आठवड्यांत माझ्या जवळ सगळ्यात जास्त बसल्या त्या सासूबाई. त्यांचं माहेर सिन्नर तालुक्यातलं. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायच्या. गावातून तीन मुक्काम पडायचे. चैत्रोत्सवात आजही खानदेशापासूनची माणसं उन्हातान्हात गडाकडे चालताना दिसतात, ते नाशिककरांना नवीन नाही. पण ती माणसं तयारी काय करतात हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"आई, तुम्ही एकदम एवढं कसं चालायचात?"

"एकदम कुठं? पाडव्याच्या आधीपासूनच शेतावर बैलगाडीत बसायचं नाही, असं बजावायची आमची आत्या. जाताना पायी, येताना पायी. आणि निघाल्यावर पहिल्या दिवशी कमी चालायचं. पाय ताजे असतानाच मुक्काम टाकायचा."

"ताजे असताना का थांबायचं?"

"अगं, दमल्यावर थांबलं तर दुसऱ्या दिवशी उठवतच नाही."

त्या हे भाजी निवडता निवडता बोलल्या. मी वहीच्या कोऱ्या पानावर, लाल शाईत नाही, साध्या पेनाने लिहून ठेवलं: पाय ताजे असताना मुक्काम. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाते ती याच रीतीने जाते. रोजचा टप्पा ठरलेला, मुक्काम ठरलेला. कुणाच्या अंगात जोर आहे म्हणून पालखी दोन टप्पे एका दिवसात करत नाही.

डिसेंबरात पुन्हा सुरुवात केली. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. पहिल्या आठवड्याची लाल बेरीज 6. भरतीच्या पोरी म्हणाल्या, "मावशी, पुन्हा पहिल्यापासून?" हो, पहिल्यापासूनच. मग 9, मग 11, मग मुद्दाम 8.

पळणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांचा नियम फार प्रसिद्ध आहे. या आठवड्यापेक्षा पुढच्या आठवड्यात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. मी बँकेची माणूस, त्यामुळे टक्केवारी दिसली की मला चक्रवाढ दिसते. ठेव दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते काढायला आम्ही 72 ला व्याजदराने भागतो. इथे 72 भागिले 10, म्हणजे सात आठवड्यांहून थोडं जास्त. 20 किलोमीटरवर असलेली बाई दर आठवड्याला निमूटपणे दहा टक्के वाढवत गेली तर सव्वासात आठवड्यांत 40 वर आणि साडेचौदा आठवड्यांत 80 वर पोचेल. कुठलं चव्वेचाळीस वर्षांचं हाड हे सोसेल? उलट आठवड्याला 6 किलोमीटर असताना दहा टक्के म्हणजे सहाशे मीटर, त्यात वाढवल्याचं समाधानही नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या नियमाची परीक्षा घेतली होती. पाचशेहून अधिक नवख्या धावपटूंचे दोन गट केले. एकाला दहा टक्क्यांच्या बेताने वाढवत तेरा आठवडे दिले, दुसऱ्याला आठ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम. दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जखमी झाला. फरक पडलाच नाही.

म्हणून मी माझ्यापुरतं असं ठरवलं. तीन आठवडे चढायचं, चौथ्या आठवड्यात उतरायचं, आणि उतरलेला आठवडा कितीही बरं वाटत असलं तरी उतरलेलाच राहील. आधी पळण्याचे दिवस वाढवायचे, तीनाचे चार, आणि मग दिवसाचे किलोमीटर. पळून आलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी कठीण काही नाही. आणि दर रविवारी बेरीज लिहिण्याआधी दोन्ही नडग्यांवरून अंगठा फिरवायचा, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. हा शेवटचा भाग कुठल्या पुस्तकात नाही, पण मी तो एकदाही चुकवलेला नाही.

2023 चं ते वर्ष मला महिन्यांनी नाही, रस्त्यांनी आठवतं. मार्चमध्ये पान जवळजवळ रिकामं, कारण बँकेत मार्च म्हणजे मार्च. एप्रिल-मे गोदापार्कच्या बाजूने, पहाटे पाचला निघायचं आणि साडेसहाच्या आत घरी, नाहीतर ऊन डोक्यावर येतं. पावसाच्या सुरुवातीला माझी पहिली अर्धमॅरेथॉन झाली, तिच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच की ती पूर्ण झाली आणि नडगी शांत राहिली. श्रावणात एका सोमवारी त्र्यंबकला गेलो. ब्रह्मगिरीची फेरी, वीसेक किलोमीटर, रात्रभर चाललेली माणसं, पुष्कळशी अनवाणी, चिखलात. ती मी पळाले नाही, सासूबाईंच्या भाचीबरोबर चालले. वहीत लिहिताना अडले, चालण्याचे किलोमीटर धरायचे का? शेवटी धरले. पायांना काय कळतं, पळालो की चाललो, त्यांनी भार तर वाहिला.

एकट्या बाईने काळोखात पळणं हा वेगळा विषय आहे आणि त्याला किलोमीटरांत बसवता येत नाही. आम्ही तिघीजणी होतो, एक शिक्षिका, एक घरगुती डबे करणारी आणि मी. एकीला यायला जमलं नाही तर बाकीच्या दोघी गंगापूर गावाच्या पुढे जायच्या नाहीत, मैदानावरच फेऱ्या मारायच्या. कुत्र्यांसाठी हातात काठी. आठवड्याच्या बेरजेत एखादा दिवस कमी पडला त्याचं कारण दहापैकी सात वेळा पाय नव्हते, घर होतं: पाहुणे, मुलाची परीक्षा, कामवाल्या मावशींची सुट्टी. आधी मला याचा राग यायचा आणि राहिलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढायची इच्छा व्हायची. वहीनेच ते थांबवलं. राहिलेला हप्ता व्याजासकट एकदम भरायचा, हे कर्जाला चालतं. हाडाला चालत नाही. राहिला तो आठवडा राहिला.

नोव्हेंबरात थंडी पडली आणि आम्ही गिरणाऱ्याच्या दिशेने लांब जाऊ लागलो. हा नाशिकमधला सगळ्यात सुंदर ऋतू. टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअप गाड्या, द्राक्षबागांत कडाक्याच्या पहाटे घड वाचवायला पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर, आणि वास ओल्या मातीचा. खिशात बेदाणे आणि चिमूटभर मीठ घातलेली गूळ-शेंगदाण्याची वडी. विकतच्या जेलची पाकिटं मी एकदाच खाऊन पाहिली, पोट बिघडलं. दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी मूठभर बेदाणे आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, एवढ्यावर माझं भागलं.

त्या दिवसांत कविता राऊतचं नाव माझ्या मनात सतत होतं. ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्य. सगळ्या शहरात 'सावरपाडा एक्स्प्रेस' असे फलक लागले होते. आम्ही बँकेत पेढे वाटले होते. तेव्हा मला दिसल्या त्या पंचवीस फेऱ्या, अर्ध्या तासाच्या. आता मला त्यामागचे आठवडे दिसायला लागले. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या बाजूला सावरपाडा, डोंगरातला पाडा, तिथल्या चढ-उतारांवर लहानपणापासून घडलेले पाय. मग नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग या प्रशिक्षकांच्या हाताखाली वर्षानुवर्षं. तिच्याबरोबर आणि तिच्यानंतर याच जिल्ह्यातून मोनिका आथरे, संजीवनी जाधव अशा लांब पल्ल्याच्या मुली आल्या. कुणाचीही बेरीज एका वर्षात झालेली नव्हती. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करता करता स्वतःवरच प्रयोग करत राहिले, किती पळालं तर शरीर घडतं आणि किती पळालं तर मोडतं. शेवटी आठवड्याला शंभर मैलांवर ते आले. त्यांचा शिष्य पीटर स्नेल 1960 मध्ये रोम ऑलिंपिकमध्ये जिंकला तो 800 मीटरमध्ये, दोन मिनिटांहून कमी वेळाच्या शर्यतीत. दोन मिनिटांसाठी आठवड्याला शंभर मैल! तो आकडा माझ्यासारखीचा नाही. माझा कमाल आकडा 58 किलोमीटर, आणि त्याला पोचायला दुखापतीनंतरचं एक अख्खं वर्ष लागलं.

तो 58 चा आठवडा 24 डिसेंबरला संपला. त्या दिवशी एकट्या रविवारचे 32. लांब धाव आठवड्याच्या एक तृतीयांशाहून मोठी असू नये असं म्हणतात. मी आठवड्यात चारच दिवस पळत असल्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत ते जमलं नाही, आणि याची मला काळजी वाटत होती. त्या रात्री नडगीवरून अंगठा दोनदा फिरवला. पुढचे आठवडे 45, 36, 24.

21 जानेवारी 2024, मुंबईची पूर्ण मॅरेथॉन. पहाटे पाच वाजता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसं आणि मुंबईची दमट हवा. नाशिकच्या कोरड्या थंडीची सवय झालेलं अंग पहिल्या पाच किलोमीटरमध्येच भिजलं. मग सी लिंक आला. मी स्तोत्र म्हणत होते, शेजारून पळणाऱ्या एका काकांनी काही ओळी बरोबर म्हटल्या आणि ते पुढे निघून गेले. परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटर मागे पडल्यावर, पेडर रोडचा चढ येतो. मांड्या दगड झाल्या होत्या. तो चढ मी चालत चढले, आणि चालताना सासूबाईंची आत्या आठवली, जिला मी कधी पाहिलं नाही. पाच तास बावीस मिनिटं. वहीत त्या आठवड्याची बेरीज 50.2, पुढच्या आठवड्याची 0, त्यापुढच्याची 7.

आमच्या शाखेत या वर्षी नवीन लागलेली एक मुलगी आहे, चोवीस वर्षांची. तीही पळायला लागली आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाइल पुढे केला. "मॅडम, बघा ना, एकदम मस्त चाललंय. दम लागतच नाही." पडद्यावर तिचे आठवडे होते: 15, 18, 27, 33.

मी डबा बाजूला ठेवला आणि म्हटलं, "बूट काढ जरा. घोट्यापासून वर, नडगीच्या आतल्या बाजूने अंगठा फिरव. सावकाश. कुठे दुखलं की सांग."